उतेकर सरांचं फनेल आणि बयाबाईची मूठ

सदाशिव उतेकर हा माणूस भात शिजताना सात वेळा झाकण उघडतो. हे मी ऐकीव सांगत नाही. त्यांच्या पत्नीनं, गोदावरीवहिनींनी, मला स्वतः सांगितलं आहे आणि सांगताना त्यांच्या हातात पळी होती. वाल पेरले की तिसऱ्या दिवशी उकरून बघतात, मोड आले का. जखमेवर खपली धरू देत नाहीत. धाकट्या भावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाट एका बाजूनं उतरलाय असं वाटून ते नीट करायला गेले, आणि नवरानवरीनं मुहूर्ताच्या दीड मिनिट आधी एकमेकांना पाहिलं. भावाचा संसार छान चालला आहे. तरी त्या घरात भांडण झालं की अजून ते दीड मिनिट निघतं.

उतेकर सर आमच्या महाडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात आणि मी तिथली ग्रंथपाल. त्यांचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घरी भातशेती, रोज मोटारसायकलनं येतात. माझं ग्रंथालय आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत आणि त्या भिंतीला खिडकी. ती कोणी आणि का ठेवली ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. पण त्या खिडकीमुळे मी बावीस वर्षं त्यांना बघते आहे, आणि ते बावीस वर्षं त्या खिडकीतून हात घालून माझ्या टेबलावरची पुस्तकं सरळ करताहेत. ती सरळच असतात.

या माणसानं वयाच्या पन्नाशीत पीएचडीला नाव घातलं आणि विषय कोणता घ्यावा? ज्यात शेवटी हात बांधून बसावं लागतं, नेमका तो. याला आमच्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

विषयाचं नाव मोठं आहे, उलट्या मायसेलनं अमिनो आम्लं वेगळी काढणं. पण त्यांनी तो मला समजावला होता तो अगदी सोपा करून, गावाकडच्या पत्त्यांवरून. गौरीगणपतीत आमच्याकडे पत्त्यांचे डाव बसतात. पाचसात माणसं गोल करून बसतात, डोकी आत, पाठी बाहेर, मधे पत्ते. साबणाच्या जातीचा एक पदार्थ असतो, त्याच्या कणाचं डोकं पाण्यासाठी जीव टाकतं आणि शेपूट तेलासाठी. असा पदार्थ पेट्रोलच्या भावकीतल्या एखाद्या द्रवात टाकला की त्याचे कण तसेच गोल करून बसतात. डोकी आत, शेपट्या बाहेर, आणि मधे पाण्याचा एक बारीक थेंब. हाच तो उलटा मायसेल. साध्या पाण्यात साबण बसतो तो डोकी बाहेर करून, म्हणून हा उलटा.

आता अमिनो आम्ल. प्रथिनं ज्या विटांची बनतात त्यातली एकेक वीट म्हणजे अमिनो आम्ल. औषधात लागतं, सलाइनमध्ये लागतं, आणि ज्या पाण्यात ते तयार होतं त्यातून शुद्ध बाहेर काढणं हे मोठं खर्चाचं काम. उतेकर सरांची युक्ती अशी, की ते पाणी आंबट करायचं. आंबट पाण्यात अमिनो आम्लाला धन भार येतो. साबणाच्या डोक्यांवर ऋण भार असतो. वर तेलाचा थर, खाली पाण्याचा थर, दोन्ही एकत्र घुसळले की अमिनो आम्ल आपणहून वर जाऊन त्या गोलात, मधल्या थेंबात बसतं. बाकीचा कचरा खालीच.

"आणि बाहेर कसं काढायचं?" मी विचारलं होतं.

"डाव उठवायचा," सर म्हणाले. "तो तेलाचा थर दुसऱ्या स्वच्छ पाण्यावर घालायचा आणि पाण्यात मीठ वाढवायचं. मीठ वाढलं की डोक्यांची ओढ कमी होते, मधला थेंब आकसतो, बसायला जागा उरत नाही. अमिनो आम्ल उठून खालच्या पाण्यात येतं. घरातून जेवायला हाका आल्यावर पत्तेवाले उठतात, तसं."

पण डाव मांडणं सोपं, उठवणं अवघड. हे गावात कुठल्याही बाईला विचारा.

वर चढवण्याचं काम सरांनी तीन वर्षांत तडीला नेलं. मग दोन हजार एकवीसच्या महाडच्या पुरात आकड्यांची वही गेली. वही माळ्यावर ठेवा असं मी सांगितलं होतं. रोज बघावी लागते म्हणून त्यांनी ती खालच्या खणात ठेवली होती. विद्यापीठानं मुदत वाढवून दिली, त्यांनी सगळं पुन्हा केलं, ते परत जमलं. उतरवण्याचं काम मात्र काही केल्या होईना. सेपरेटिंग फनेल म्हणजे पेरूच्या आकाराचं, खाली तोटी असलेलं काचेचं भांडं. त्यात वर तेल आणि खाली पाणी असे दोन स्वच्छ थर पडायला हवेत. सरांच्या फनेलात पडायचं ते ताक. पांढरं, दाट, ना तेल ना पाणी. मीठ त्यांनी घातलं नव्हतं असं नाही, पुस्तकात तेच लिहिलंय. बाटलीतलं शुद्ध मीठ, तोलून, पाण्यात विरघळवून घालायचे. मग दोन मिनिटं थांबायचे. आणि मग हलवून बघायचे.

"सर, हलवू नका ना," मी खिडकीतून सांगायची.

"हलवत नाहीये. बघतोय."

"बघायला हात कशाला लागतात?"

यावर ते माझी पुस्तकं सरळ करायचे.

हळूहळू ही गोष्ट कॉलेजबाहेर गेली. बाजारात सर दिसले की दुकानदार फनेलाची चौकशी करायचे, "बसलं का?" बँकेत, पेट्रोलपंपावर, सगळीकडे "बसलं का?" पाचाडला एका साखरपुड्यात नवऱ्या मुलीच्या आजोबांनी, ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध औषधाच्या गोळ्यांपुरताच होता, सरांचा हात धरून विचारलं, "मास्तर, बसलं का वो तुमचं?" सर म्हणाले, बसेल. आजोबांनी सरांच्या नावानं देवाला नारळ बोलला.

यंदा शेवटची मुदत होती. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार, आणि त्याआधी प्रबंध चढला नाही तर नोंदणी रद्द. सात वर्षं पाण्यात, तीही मिठाच्या. शेवटचं प्रकरण सोडून सगळा प्रबंध तयार होता. त्या प्रकरणात लिहायला एक आकडा हवा होता, की वर गेलेलं अमिनो आम्ल शंभरातलं किती परत खाली आलं. आणि तो आकडा ताकात अडकला होता.

त्या आठवड्याच्या सोमवारी पदार्थविज्ञानाचे धवल सर प्रयोगशाळेत आले.

धवल सरांबद्दल सांगायला हवं. माणूस चाळिशीचा, सभ्य, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. पण त्यांनी कौतुक केलं की वाटोळं होतं. प्राचार्यांच्या नव्या गाडीला ते "वा" म्हणाले, त्याच दुपारी ती फाटकाच्या खांबाला घासली. कॉलेजच्या आंब्याला "यंदा मोहर काय सुरेख" म्हणाले, आठ दिवसांत मोहर गळला. माझ्या नव्या चष्म्याबद्दल ते बोलायला लागले तेव्हा मी खोकल्याची उबळ आणून बाहेर गेले. मी शिकलेली बाई आहे, दृष्टबिष्ट मानत नाही. पण चष्मा बाविसशेचा होता.

तर धवल सर आले, फनेलाकडे बघितलं. नेमकं तेव्हा त्यात तळाशी बोटभर स्वच्छ पाणी दिसायला लागलं होतं. ते म्हणाले, "वा सर! आज बसणार हं."

उतेकर सर हरखले. खरंच बसतंय का बघायला त्यांनी फनेल उचललं, जरा तिरकं केलं, आणि सगळं परत पांढरं झालं.

कोपऱ्यात बयाबाई काचेची भांडी घासत होत्या. बयाबाई तुडील गावच्या, प्रयोगशाळेत अकरा वर्षं कामाला. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. धवल सर गेल्यावर त्या फनेलाजवळ आल्या. मग म्हणाल्या, "लागली."

"काय लागली?" उतेकर सर म्हणाले.

"काय म्हंजे? दृष्ट. अकरा वर्सं काच धुतेय मी हितं, एवढी भारी लागलेली बघितली नाय."

त्या तडक कँटीनमध्ये गेल्या आणि मूठभर खडेमीठ, थोड्या मोहऱ्या घेऊन आल्या. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. सर "अहो बयाबाई, अहो" करत होते. बयाबाईंनी फनेलावरून मूठ तीनदा उतरवली, पुटपुटल्या, आणि विचारलं, "विस्तव कुठं हाय?"

"विस्तव?" सरांचा आवाज चिरकला. "अहो, वरचा थर पेट्रोलचा भाऊ आहे! काडी ओढलीत तर आपण तिघं सावित्री नदीपलीकडे जाऊ."

आता दृष्ट काढलेलं मीठ एकतर विस्तवात टाकतात, नाहीतर पाण्यात सोडतात, ते विरघळलं की दृष्ट विरघळते. हातात धरून फिरत नाहीत. बयाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बेसिनच्या नळाला दुपारी चारपर्यंत पाणी नसतं. मग त्यांनी जे केलं ते अकरा वर्षं त्या प्रयोगशाळेत भांडी धुतलेली बाईच करू शकते. फनेलाचं बूच काढलं आणि मूठ आत सोडली.

"बयाबाई!"

"खाली पानीच हाय ना सर? तुमीच पोरांना सांगता, वर त्याल, खाली पानी. पान्यात सोडलं मी."

सरांचा हात फनेलाकडे गेला. बयाबाईंनी तो वरच्या वर धरला. "आता हात लावायचा नाय. मी हातपाय धुऊन येते, तवर बघायचंपन नाय. मधी हात लावलात तर तुमच्यावर नाय येनार. वैनींवर जाईल."

विज्ञानाच्या माणसाचा यावर विश्वास नव्हता. पण वहिनींवर प्रयोग करायची तयारीही नव्हती. ते भिंतीपलीकडून माझ्याकडे येऊन बसले. प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही म्हणून बयाबाई पार फाटकाजवळच्या बोअरिंगवर गेल्या, तिथे त्यांना कोणी भेटलं, बोलत राहिल्या. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मी जे पाहिलं ते बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. उतेकर सर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, भिंतीकडे तोंड करून स्वस्थ बसले होते. घामानं डबडबले होते, पण बसले होते. त्यांनी माझ्या एकाही पुस्तकाला हात लावला नाही. मला, खरं सांगते, त्यांची दया आली.

बयाबाई आल्या आणि आम्ही आत गेलो. फनेलात दोन थर होते. वर पाण्यासारखं स्वच्छ तेल, खाली आरशासारखं पाणी, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर एका ओळीत मोहऱ्या तरंगत होत्या, थर कुठे पडला ते कोणाला कळलं नाही तर कळावं म्हणून.

सरांनी खालचं पाणी काढून घेतलं, त्यात निनहायड्रिन घालून गरम केलं. अमिनो आम्ल असलं की त्याला जांभळा रंग येतो, जितकं जास्त तितका गडद. रंग आला तो जांभूळ चुरडल्यासारखा. यंत्रावर आकडा आला, शंभरातले एक्याण्णव. सर स्टुलावर बसले आणि रडले. बयाबाई म्हणाल्या, "बघा. केवडी होती."

खरी गंमत पुढे सुरू झाली. सरांच्या मार्गदर्शक प्रियदर्शिनी मॅडम मुंबईला असतात, वयानं सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि स्वभावानं सरळ रेष. सरांनी फोनवर सगळं खरंखरं सांगितलं. मग मॅडम म्हणाल्या, "मीठ जाड होतं, हळूहळू तळाशी जाऊन विरघळलं, ढवळलं गेलं नाही, म्हणून थर पडले. स्वच्छ कारण आहे. तीनदा परत करा, तोच आकडा आला तर लिहा."

मंगळवारी सरांनी स्वतः केलं. खडेमीठ आणलं, तोललं, आत सोडलं, आणि अकराव्या मिनिटाला फनेलावर टिचकी मारली. ताक. दुसऱ्यांदा मी त्यांच्या दोन्ही हातांत शब्दकोशाचा जाडजूड खंड दिला. नवव्या मिनिटाला तो खंड माझ्या टेबलावर होता आणि फनेल त्यांच्या हातात. तिसऱ्यांदा प्रयोगशाळेला बाहेरून कुलूप घातलं, तर हे महाशय माझ्या खिडकीतून आत हात घालून फनेलाचं टेबल हलवताना सापडले.

"बयाबाईंनाच सांगा," मी म्हटलं.

बयाबाई नाही म्हणाल्या.

"दृष्ट लागलीय का? नाय ना? मग काढू काय? न लागलेल्याची दृष्ट काढत नाय कोन. उगा मिठाचा नास."

"पण बयाबाई, मीठच काम करतं. दृष्ट नाही," सर म्हणाले.

"मग मीठ हाय की तुमच्याजवल. टाका."

दिवसभरात तीन वेळा त्यांचंच मीठ त्यांच्याच हातानं वाया गेलं होतं. सरांनी मॅडमना फोन केला. आता ऐकणाऱ्याला वाटेल की प्रियदर्शिनी मॅडम चिडल्या असतील. त्या म्हणाल्या, "मग परिस्थिती हुबेहूब तीच ठेवा. धवल सरांना बोलवा." सरळ रेष वाकत नाही ती अशी.

धवल सरांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. 'तुमची दृष्ट वाईट आहे, तर कृपया उद्या साडेदहाला येऊन ती लावावी,' हे सभ्य मराठीत कसं बोलायचं? मी बोलले. ते आधी लाल झाले, मग पांढरे. आणि बुधवारी सकाळी साडेदहाला नवा शर्ट घालून हजर.

फनेल तयार होतं. सर मागे हात बांधून उभे. बयाबाई मूठ घेऊन तयार. धवल सरांनी घसा साफ केला. "वा. सुंदर फनेल आहे."

बयाबाईंनी मान हलवली. "नाय लागली."

"अप्रतिम. असं फनेल मी पाहिलं नाही."

"वरवरचं हाय. मनापासून बोला."

धवल सर हिरमुसले. मग ते पुढे झाले आणि फनेलाकडे नुसते बघत राहिले. कौतुक नाही, काही नाही. मग अगदी हळू म्हणाले, "सर, मी बारा साली सोडली ना पीएचडी. तीन वर्षं झाली होती. मुलगी झाली, आईचं आजारपण, मग वाटलं पुढच्या वर्षी धरू. तुम्ही पन्नाशीत सुरू केलीत. पूर आला तरी सोडली नाहीत. मला जमलं असतं का हो?"

मी खिडकीत होते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या माणसाला आम्ही इतकी वर्षं टाळत होतो. चष्म्यासाठी मी खोकले होते, त्याची मला तेव्हा लाज वाटली.

बयाबाई म्हणाल्या, "लागली." आणि मूठ उतरवायला लागल्या.

एक्याण्णव. दुपारी परत, ब्याण्णव. गुरुवारी परत, एक्याण्णव. धवल सरांना आता कौतुकाची गरजच लागत नव्हती, ते येऊन फनेलासमोर उभे राहायचे आणि बयाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायच्या. मॅडमच्या सांगण्यावरून सरांनी बयाबाईंच्या मुठीतलं मीठ दर वेळी कागदावर घेऊन तोललं. एकतीस ग्रॅम, एकतीस, साडेतीस. आमच्या प्रयोगशाळेच्या तराजूत यापेक्षा जास्त फरक पडतो. सरांनी वहीत लिहिलं, 'उपकरण: मूठ, उजवी.'

वर्गात मुलंही विचारायला लागली, "सर, आज लागली का?" 'बसलं का' मागे पडलं.

शुक्रवार उजाडला. प्रकरण लिहून झालं, मॅडम स्वतः मुंबईहून आल्या. चार वाजेपर्यंत सगळं पोर्टलवर चढवलं. राहिलं फक्त एक प्रतिज्ञापत्र, कागदावर सही करून त्याचा फोटो चढवायचा. त्यावर छापलेलं होतं, 'या प्रबंधातील संशोधन सर्वस्वी माझे स्वतःचे असून त्यात अन्य कोणाचाही सहभाग नाही.'

उतेकर सरांनी पेन उचललं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"सर, हा छापील नमुना आहे," मॅडम म्हणाल्या. "सगळे सही करतात."

"सगळ्यांचं मीठ दुसऱ्यानं टाकलेलं नसतं."

सव्वाचार झाले. मॅडमनी समजावलं की प्रयोगशाळेत मदतनीस असतोच, तो सहभाग नव्हे. सर म्हणाले, बाटली उचलून देणं मदत झाली. इथे उतरवण्याचे माझे सगळे प्रयोग फसले आणि बाईंचा पहिलाच जमला. साडेचार झाले. मॅडम म्हणाल्या, आभारात मोठं पान लिहा. सर म्हणाले, लिहिलंय, पण सही त्या पानावर नाही, या कागदावर मागताय. धवल सर दारात उभे होते, ते म्हणाले, "सर, माझं सोडा, पण तुम्ही आत्ता मागे फिरू नका हो." पावणेपाच झाले. मी चिडले. मी जरा मोठ्यानंच म्हटलं, "सात वर्षं ज्याला त्याला हात लावलात, आणि आता एका पेनाला हात लावायचं जिवावर आलंय?" सर खाली बघत बसले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला बोललेलं गिळून टाकावंसं वाटलं.

"माझं काय आहे यात, मॅडम?" ते प्रियदर्शिनीबाईंना म्हणाले. "विचार पुस्तकातला. मूठ बयाबाईंची. दृष्ट धवल सरांची. सर्वस्वी माझं असं मी कशाला म्हणू?"

कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ बंद झाला. बयाबाई पदराला हात पुसत पुढे आल्या.

"काय लिवलंय कागदावर?"

मी वाचून दाखवलं.

"मग बरोबर हाय की," बयाबाई म्हणाल्या. "सर, मी तुमचं ते अमिनो आशीड काडायला मीठ नाय टाकलं. मी दृष्ट काडायला टाकलं. जी दृष्ट निघाली ती माझी. खाली पान्यात जे उतरलं ते तुमचं. त्याच्यात माझं कायबी नाय."

प्रियदर्शिनी मॅडमनी, सरळ रेषच ती, विचारलं, "आणि मीठ?"

"मीठ कँटीनचं."

धवल सर हसले. मॅडमही हसल्या. उतेकर सर हसले नाहीत.

"पण बयाबाई," ते म्हणाले, "मी काहीच केलं नाही हो. मी भिंतीकडे तोंड करून नुसता बसलो होतो."

"मग?" बयाबाई म्हणाल्या. "त्येच तर सात वर्सं जमत नव्हतं तुमाला."

सरांनी पेन उचललं आणि सही केली, एकदाच, परत गिरवली नाही. चार वाजून त्रेपन्न मिनिटांनी मॅडमनी तिचा फोटो चढवला.